फुटून निघालेले प्रजासत्ताक उभे कसे राहते? मुजीबनगर सरकारच्या कागदपत्रांतून मिळणारे उत्तर

प्रश्न असा आहे : एखादा प्रदेश मूळ राष्ट्रापासून फुटून स्वतंत्र प्रजासत्ताक झाल्याचे जाहीर करतो, तेव्हा ही घोषणा करण्याचा अधिकार कोणाला असतो, सरकार घोषणेच्या आधी बनते की नंतर, आणि इतर देशांनी मान्यता दिलेली नसताना त्या सरकारच्या आदेशांना काही कायदेशीर अर्थ उरतो का?

आंतरराष्ट्रीय कायद्यात यासाठी कोणतीही ठरावीक कार्यपद्धती नाही. कोणत्या कार्यालयात अर्ज करावा, कोणत्या नमुन्यात घोषणा लिहावी, किती दिवस वाट पाहावी, याचे नियम कोठेच सापडत नाहीत. राज्य म्हणवून घेण्यासाठी काय असावे लागते, ते १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात सांगितले आहे : कायम लोकवस्ती, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पण या चार गोष्टी नसलेल्या अवस्थेतून असलेल्या अवस्थेत कसे जायचे, याबद्दल करार गप्प आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय कायदा शिकवताना मी व्याख्यांपासून सुरुवात न करता एका उदाहरणाचे कागद पुढे ठेवतो. ते उदाहरण १९७१ च्या बांगलादेशाचे, म्हणजे पाकिस्तानातून फुटलेल्या पूर्व पाकिस्तानचे आणि त्याच्या पहिल्या, मुजीबनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारचे. फुटून निघण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात अनेक झाले, परंतु मूळ राष्ट्राची संमती नसताना, युद्ध चालू असताना, नेता शत्रूच्या तुरुंगात असताना ज्यांनी आपल्या अधिकाराची साखळी कागदावर इतकी नीट जोडली आणि जे शेवटी टिकले, असे दुसरे सरकार मला आठवत नाही. माझे मत आधीच सांगतो : त्या कागदांमध्ये गाजलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा जितका महत्त्वाचा आहे, तितकाच त्याच दिवशी निघालेला, जेमतेम एका परिच्छेदाचा, सहसा कोणी न वाचलेला दुसरा आदेशही महत्त्वाचा आहे.

पहिला मुद्दा अधिकाराचा. ३० मार्च १९७० रोजी पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी कायदेशीर चौकटीचा आदेश काढला. त्यानुसार होणाऱ्या निवडणुकीतून राष्ट्रीय सभा बनणार होती, आणि पहिल्या बैठकीपासून १२० दिवसांत त्या सभेने राज्यघटना तयार करायची होती. मतदान ७ डिसेंबर १९७० ला झाले. नोव्हेंबरमधल्या भयानक चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या किनारपट्टीवरच्या मतदारसंघांत ते १७ जानेवारी १९७१ ला घ्यावे लागले. पूर्व पाकिस्तानच्या वाट्याच्या १६९ जागांपैकी १६७ अवामी लीगला मिळाल्या. संपूर्ण राष्ट्रीय सभा ३१३ सदस्यांची होती, म्हणजे शेख मुजीबुर रहमान यांच्या पक्षाला एकट्या पूर्वेच्या बळावर साऱ्या पाकिस्तानात स्पष्ट बहुमत होते. सभेची बैठक ३ मार्चला ढाक्यात भरणार होती. १ मार्चला याह्या खान यांनी ती बेमुदत पुढे ढकलली.

हा तपशील सांगण्याचे कारण असे की पुढे ज्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले, त्यांचा अधिकार बंडातून आलेला नव्हता. तो पाकिस्तानच्याच कायद्याखाली झालेल्या, पाकिस्ताननेच घेतलेल्या निवडणुकीतून आलेला होता. घटना तयार करण्यासाठी लोकांनी ज्यांना निवडून दिले, त्यांना घटना करू दिली गेली नाही, तेव्हा त्यांनी ती दुसऱ्या राज्यासाठी करायचे ठरवले. हा युक्तिवाद मूळ राष्ट्राला खोडून काढणे फार अवघड असते. १९६० साली काँगोपासून कटांगा फोडणाऱ्या मोइझ त्शोंबे यांच्यामागे बेल्जियमचे सैनिक आणि खाण कंपनीचा पैसा होता, पण अशा जनादेशाची साखळी नव्हती; एकाही देशाने त्यांना अधिकृत मान्यता दिली नाही आणि १९६३ च्या आरंभी तो प्रयोग संपला.

दुसरी गोष्ट सहसा सुटून जाते. १ ते २५ मार्च १९७१ या काळात, स्वातंत्र्याची कोणतीही घोषणा झालेली नसताना, पूर्व पाकिस्तानचा कारभार प्रत्यक्षात अवामी लीगच्या सांगण्यावरून चालत होता. ७ मार्चच्या ढाक्यातील सभेत शेख मुजीब यांनी असहकार पुकारला आणि मग मार्चच्या मध्यास पक्षाने ३५ निर्देश जारी केले : कोणती कार्यालये उघडी राहतील, बँका किती तास चालतील, केंद्राचे कर केंद्राच्या खात्यात न भरता कोठे भरायचे, बंदरात कोणता माल उतरवायचा. नोकरशाहीने ते पाळले. ढाका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती बी. ए. सिद्दीकी यांनी नवे गव्हर्नर म्हणून आलेल्या टिक्का खान यांना शपथ देण्यास नकार दिला. टिक्का खान यांना शपथ मिळाली ती लष्करी कारवाईनंतर, ९ एप्रिलला. एखाद्या प्रदेशातले आज्ञापालन कोणाकडे वळले आहे, हे ओळखायचे असेल तर झेंडे आणि मिरवणुका पाहू नयेत. न्यायाधीश कोणाला शपथ देतो आणि कारकून कोणाच्या खात्यात कर भरतो, ते पाहावे. सरकार घोषणेच्या आधी की नंतर, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. कागदावरचे सरकार नंतर आले, आज्ञा पाळली जाण्याची सवय आधी आली.

२५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड सुरू केले. मध्यरात्रीनंतर शेख मुजीब यांना अटक झाली आणि पुढे पश्चिम पाकिस्तानात नेण्यात आले. अटकेपूर्वी त्यांनी पाठवलेला स्वातंत्र्याचा संदेश चितगावजवळच्या कालुरघाट येथील प्रक्षेपण केंद्रावरून २६ मार्चला अवामी लीगचे स्थानिक नेते एम. ए. हन्नान यांनी, आणि २७ मार्चला मेजर झियाउर रहमान यांनी मुजीब यांच्या वतीने वाचला. घोषणा नेमकी कोणाची, यावर बांगलादेशातील दोन मोठे पक्ष गेली अनेक दशके भांडत आले आहेत. कायद्याच्या अभ्यासकाला त्या भांडणात उतरण्याची गरज पडत नाही, कारण पुढच्या दोन आठवड्यांत तयार झालेल्या दस्तऐवजाने हा प्रश्न आपल्यापुरता मिटवून टाकला.

अवामी लीगचे सरचिटणीस ताजुद्दीन अहमद तरुण बॅरिस्टर अमिरुल इस्लाम यांच्यासोबत सीमा ओलांडून भारतात आले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत इंदिरा गांधींना भेटले. भेटीपूर्वीच एक अडचण समोर होती. ताजुद्दीन भेटणार होते ते कोण म्हणून? एका पक्षाचा पदाधिकारी परक्या देशाच्या पंतप्रधानांकडे आश्रय मागू शकतो. शस्त्रे, प्रशिक्षण आणि मान्यता मागायची तर समोर सरकार असावे लागते. सहकारी विखुरलेले, कोण जिवंत आहे याची खात्री नाही, नेता कैदेत. या परिस्थितीत ताजुद्दीन यांनी मुजीब राष्ट्राध्यक्ष आणि पक्षाचे वरिष्ठ नेते मंत्री असलेले सरकार अस्तित्वात आहे, अशी भूमिका घेतली, आणि ती सहकाऱ्यांकडून मान्य करून घेणे व कायदेशीर रूपात आणणे हे काम नंतर केले. पक्षातल्या काही तरुण नेत्यांना हे रुचले नाही. त्यांना मंत्रिमंडळाऐवजी क्रांतिकारी परिषद हवी होती. माझ्या मते ताजुद्दीन यांचा निर्णय अचूक होता. क्रांतिकारी परिषद ही लढणाऱ्यांची असते; मंत्रिमंडळ निवडून आलेल्यांचे असते, आणि त्यांच्याजवळ असलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तो १६७ जागांचा जनादेश होता.

१० एप्रिल १९७१ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा अमिरुल इस्लाम यांनी लिहिला. तो वकिलाने लिहिला आहे हे प्रत्येक ओळीत दिसते. आरंभी एकामागून एक कारणे येतात : निवडणुका मुक्तपणे झाल्या, घटना बनवण्यासाठी झाल्या, १६९ पैकी १६७ प्रतिनिधी निवडून आले, बैठक बोलावली गेली, ती मनमानीपणे आणि बेकायदा पुढे ढकलली गेली, वाटाघाटी चालू असतानाच अन्यायी युद्ध लादले गेले. त्यानंतर कर्ता येतो, आणि येथे मजकूर फार काळजीपूर्वक वाचावा लागतो. जाहीरनामा काढणारे स्वतःला पक्ष म्हणत नाहीत, मुक्तिसेना म्हणत नाहीत. बांगलादेशाच्या लोकांचे निवडून आलेले प्रतिनिधी म्हणून, ज्या जनादेशाने त्यांना निवडले त्याला बांधील राहून, त्यांनी स्वतःचे संविधान सभेत रूपांतर केले आणि परस्परांशी विचारविनिमय करून, समता, मानवी प्रतिष्ठा व सामाजिक न्याय मिळवून देण्यासाठी, बांगलादेश हे सार्वभौम लोकप्रजासत्ताक म्हणून स्थापन केले, असे तो दस्तऐवज म्हणतो. लगेच पुढे मुजीब यांनी २६ मार्चला केलेली घोषणा ते कायम करतात, आणि शेवटी हा जाहीरनामा २६ मार्चपासून अमलात आला असे मानावे, असे नमूद करतात.

या पूर्वलक्षी तारखेचे काम मोठे आहे. २६ मार्च ते १० एप्रिल या दरम्यान पूर्व बंगाल रेजिमेंटच्या तुकड्यांनी बंड केले होते, जिल्हाधिकाऱ्यांनी तिजोऱ्या उघडल्या होत्या, पोलिसांनी शस्त्रागारातली हत्यारे लोकांना वाटली होती. मधला काळ रिकामा ठेवला असता तर हे सारे लोक पाकिस्तानच्या कायद्याने देशद्रोही, आणि नव्या राज्याच्या दृष्टीने मात्र कोणाच्याच सेवेत नसलेले असे ठरले असते. तारीख मागे नेल्यामुळे त्यांची कृत्ये नव्या प्रजासत्ताकाच्या सेवेत झालेली कृत्ये बनली.

त्यानंतर सत्तेची मांडणी येते. राज्यघटना तयार होईपर्यंत शेख मुजीब राष्ट्राध्यक्ष आणि सय्यद नझरुल इस्लाम उपराष्ट्राध्यक्ष राहतील. राष्ट्राध्यक्ष सर्व सशस्त्र दलांचे सर्वोच्च सेनापती असतील. कार्यकारी आणि विधायक असे सर्व अधिकार, माफी देण्याच्या अधिकारासह, त्यांच्याकडे असतील. पंतप्रधान व मंत्री नेमणे, कर बसवणे, खर्च करणे, संविधान सभा बोलावणे आणि तहकूब करणे हेही तेच करतील. लोकशाहीच्या नावाने सुरू झालेल्या राज्यात सारी सत्ता एका माणसाच्या हाती देणे विचित्र वाटेल, परंतु ज्या सभेचे सदस्य एका ठिकाणी जमूही शकत नव्हते, तिला कायदे करायला लावणे अशक्य होते. खरे कौशल्य मात्र पुढच्या कलमात आहे : राष्ट्राध्यक्ष नसतील, किंवा पद स्वीकारण्यास वा अधिकार वापरण्यास असमर्थ असतील, तर ते सर्व अधिकार उपराष्ट्राध्यक्ष वापरतील. नेता मियाँवालीच्या तुरुंगात असताना त्याला राष्ट्राध्यक्ष करायचे, म्हणजे चळवळीचा चेहरा कायम राहतो, आणि त्याच वेळी आदेशांवर सही करणारा हात मोकळा ठेवायचा. या एका कलमाशिवाय ते सरकार चालूच शकले नसते. जाहीरनाम्यात आणखी एक वाक्य आहे ज्याकडे परराष्ट्र खात्यांचे विधी सल्लागार सर्वांत आधी पाहतात : राष्ट्रांच्या कुटुंबाचा सदस्य म्हणून येणारी कर्तव्ये पार पाडण्याची आणि संयुक्त राष्ट्रांची सनद पाळण्याची हमी. शपथ देण्यासाठी प्राध्यापक युसुफ अली यांची नेमणूकही याच कागदाने केली, कारण शपथ देणारा मुख्य न्यायमूर्ती नव्या राज्याजवळ नव्हताच.

आता त्या दुसऱ्या आदेशाकडे येतो. त्याच १० एप्रिलला कार्यकारी राष्ट्राध्यक्ष सय्यद नझरुल इस्लाम यांनी कायदे चालू ठेवण्याचा आदेश काढला. त्याचा आशय एवढाच : २५ मार्च १९७१ रोजी बांगलादेशात जे कायदे लागू होते, ते जाहीरनाम्याच्या अधीन राहून, नवे राज्य निर्माण झाल्यामुळे आवश्यक ठरतील तेवढे बदल धरून, तसेच चालू राहतील, आणि मुलकी, लष्करी, न्यायालयीन व राजनैतिक सेवेतील जे अधिकारी बांगलादेशाशी निष्ठेची शपथ घेतील, ते आपापल्या पदांवर पूर्वीच्याच सेवाशर्तींनुसार राहतील.

क्रांतीच्या भरात असलेल्या माणसाला हा आदेश निरस वाटतो. ज्या पाकिस्तानने गावे जाळली, त्याचाच दंडसंहितेपासून महसुली नियमांपर्यंतचा सारा पसारा जसाच्या तसा उचलायचा? पण पर्याय काय होता, याचा विचार करावा. नवे राज्य जुने कायदे रद्द करते त्या क्षणी जमिनीचे खरेदीखत, विवाह, कर्जरोखा, न्यायालयातला दावा, शिक्षकाची नोकरी या साऱ्यांच्या खालचा आधार निघून जातो. भारतीय स्वातंत्र्याच्या १९४७ च्या कायद्यातही ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे चालू ठेवणारी तरतूद होती आणि आपल्या राज्यघटनेच्या ३७२ व्या अनुच्छेदाने तेच केले. फरक एवढाच की तेथे सत्ता सोडणारा आणि घेणारा एकाच मेजावर बसले होते. येथे घेणाऱ्याने एकतर्फी ठरवले की राज्य नवे असले तरी कायद्याची वही जुनीच राहील. दुसऱ्या अर्ध्या भागाचा परिणाम त्याहून तातडीचा होता. पाकिस्तानी सेवेतल्या बंगाली अधिकाऱ्याला त्या आदेशाने सांगितले की तू आमच्याकडे आलास तर तुझी ज्येष्ठता, तुझा पगार, तुझे निवृत्तिवेतन बुडणार नाही. फुटून निघणाऱ्या चळवळी शूर माणसांना हाक घालतात. या आदेशाने कुटुंबवत्सल, सावध, निवृत्तीचा हिशेब करणाऱ्या माणसालाही हाक घातली, आणि राज्य चालवायला अशी माणसे जास्त लागतात.

शपथविधी १७ एप्रिलला कुष्टिया जिल्ह्यातील मेहेरपूरजवळच्या बैद्यनाथतला गावी, आमराईत झाला. त्या जागेचे नाव तेव्हापासून मुजीबनगर पडले. भारताच्या सीमेपासून ते अगदी जवळ आहे, आणि समारंभ आटोपताच मंत्री कोलकात्याला परतले. मग तेवढ्यासाठी पलीकडे जाण्याचा खटाटोप का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. स्वतःच्या भूमीवर शपथ न घेतलेले मंत्रिमंडळ परागंदा नेत्यांची समिती ठरते आणि यजमान देशाच्या हातचे बाहुले म्हणून त्याची संभावना होते, म्हणून. परदेशी वार्ताहरांना मुद्दाम तेथे नेले होते. युसुफ अली यांनी जाहीरनामा वाचला, कार्यकारी राष्ट्राध्यक्षांना मानवंदना दिली गेली, आणि ताजुद्दीन अहमद पंतप्रधान, खोंदकार मुश्ताक अहमद परराष्ट्रमंत्री, एम. मन्सूर अली अर्थमंत्री व ए. एच. एम. कमरुझ्झमान गृह आणि मदत-पुनर्वसन मंत्री म्हणून जगापुढे आले. कर्नल एम. ए. जी. उस्मानी सरसेनापती झाले. ते स्वतः निवडून आलेले प्रतिनिधीही होते, आणि सैन्य मुलकी सरकारच्या अधीन आहे हे दाखवण्यासाठी याचा उपयोग झाला.

पुढच्याच दिवशी, १८ एप्रिलला, कोलकात्यातील पाकिस्तानचे उप-उच्चायुक्त हुसेन अली यांनी बहुसंख्य बंगाली कर्मचाऱ्यांसह निष्ठा बदलली आणि त्या इमारतीवर बांगलादेशाचा झेंडा चढवला. मान्यता नसलेल्या सरकारला एका दिवसात चालते दूतावास-कार्यालय मिळाले. दिल्लीतील उच्चायुक्तालयातले दोन बंगाली अधिकारी तर सरकार जाहीर होण्याआधीच, ६ एप्रिलला बाहेर पडले होते. लंडनमध्ये न्यायमूर्ती अबू सईद चौधरी विशेष प्रतिनिधी झाले.

सरकारचे मुख्यालय कोलकात्यात ८, थिएटर रोड येथे होते. तेथील कारभाराला सरकार म्हणावे असे काय होते? खाती होती, सचिव होते, मंत्रिमंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते लिहिली जात होती. पाब्ना, रांगामाटी यांसारख्या जिल्ह्यांतून निघून आलेले मुलकी अधिकारी सचिव झाले. जिल्ह्यांच्या तिजोऱ्यांतून आणि बँकांतून सीमेपलीकडे आणलेली रक्कम हे आरंभीचे भांडवल होते, आणि तिचा हिशेब ठेवला गेला. सीमावर्ती पट्ट्यात निर्वासितांच्या आणि मुक्त भागांच्या प्रशासनासाठी विभागीय परिषदा नेमल्या, त्यांच्या अध्यक्षपदी निवडून आलेले प्रतिनिधी बसवले. जुलैच्या बैठकीनंतर युद्धक्षेत्राची ११ सेक्टरांत विभागणी पक्की झाली. स्वाधीन बांगला बेतार केंद्र हे नभोवाणी केंद्र रोज बोलत होते. २९ जुलैला तर सरकारने आठ टपाल तिकिटे काढली. लंडनमधील बंगाली चित्रकार बिमान मल्लिक यांनी ती रेखाटली होती, आणि त्यांतल्या एकावर १६९ पैकी १६७ हा निवडणुकीचा आकडा छापला होता. जनादेशाचा पुरावा पत्राच्या पाकिटावर चिकटवून जगभर पाठवण्याची ही कल्पना मला फार आवडते. (त्याच वर्षी नोव्हेंबरपासून आपल्याकडे प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे शरणार्थी साहाय्याचे जादा तिकीट लावावे लागत होते, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. सुमारे एक कोटी निर्वासितांच्या पोटापाण्याचा भार असा घरोघरी पोहोचला होता.)

सारे गोडीगुलाबीने चालले होते असे नाही. विद्यार्थी आणि युवक नेत्यांचे मुजीब बाहिनी हे दल उस्मानी यांच्या आज्ञेबाहेर राहिले. परराष्ट्रमंत्री मुश्ताक यांच्या बाजूने कोलकात्यातील अमेरिकी वाणिज्य दूतावासाशी तडजोडीच्या वेगळ्या गाठीभेटी झाल्या आणि त्यानंतर त्यांना व्यवहारात बाजूला सारण्यात आले. डाव्या पक्षांना सत्तेत वाटा हवा होता. सप्टेंबरमध्ये मौलाना भासानी, मोनी सिंह, मुझफ्फर अहमद आदींना घेऊन सल्लागार समिती बनवली, पण मंत्रिमंडळ निवडून आलेल्या पक्षाचेच ठेवले. ताजुद्दीन यांनी जनादेशाची ती सीमा शेवटपर्यंत ओलांडली नाही.

मान्यतेचा प्रश्न आता घेता येईल. भारताच्या संसदेने ३१ मार्चलाच पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला होता आणि एप्रिलपासून देशात मान्यतेची जोरदार मागणी होती, तरी ती मिळाली ६ डिसेंबर १९७१ ला. भूताननेही त्याच दिवशी मान्यता दिली. आठ महिने थांबण्यामागे राजकारण होते, तसेच कायद्याचे कारणही होते. मूळ राष्ट्राचा ताबा अजून सुटलेला नसताना फुटीर सरकारला मान्यता देणे हा त्या राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप मानला जातो. ३ डिसेंबरला पाकिस्तानने पश्चिम सीमेवर हवाई हल्ले करून युद्ध उघड केले, तेव्हा ही अडचण संपली. मधल्या आठ महिन्यांत त्या सरकारच्या आदेशांना अर्थ होता का? ज्यांनी ते पाळले त्यांच्यापुरता होता, आणि प्रदेश ताब्यात आल्यावर तो सर्वांसाठी झाला. मान्यता राज्य निर्माण करते की असलेल्या राज्याची केवळ नोंद घेते, हा विधिशास्त्रातला जुना वाद आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. परंतु मान्यता नसलेल्या राज्याला कर्ज, करार, विमानमार्ग आणि न्यायालयात उभे राहण्याचा हक्क यांपैकी जवळपास काहीच मिळत नाही, हे पहिल्या बाजूचे म्हणणे नाकारता येत नाही. १८ मे १९९१ पासून स्वतःचे चलन, पोलीस आणि निवडणुका असलेले सोमालीलँड आजही संयुक्त राष्ट्रांबाहेर आहे.

घोषणा करणेच मुळात बेकायदा असते का? कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ ला केलेल्या घोषणेबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ जुलै २०१० रोजी दहा विरुद्ध चार मतांनी सल्ला दिला की तिने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झालेला नाही. हे मत अनेक जण वाढवून सांगतात. कोसोव्होला फुटण्याचा हक्क होता किंवा ते राज्य झाले, असे न्यायालयाने म्हटले नाही; कायदा अशा घोषणेला सरसकट मनाई करत नाही, एवढेच म्हटले. वंशभेदी अल्पसंख्य राजवटीसाठी ११ नोव्हेंबर १९६५ ला ऱ्होडेशियाने केलेली घोषणा आणि परकीय सैन्याच्या आधाराने १९८३ मध्ये उत्तर सायप्रसने केलेली घोषणा यांना मात्र सुरक्षा परिषदेने अवैध ठरवून मान्यता देऊ नये असे सांगितले. बायाफ्राची गोष्ट वेगळी. ३० मे १९६७ ला नायजेरियाच्या पूर्व भागाने स्वातंत्र्य जाहीर केले, प्रांताच्या सल्लागार सभेचा ठराव पाठीशी होता, पुढे स्वतःचे चलनही आले, टांझानिया, झांबिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट आणि हैती यांनी मान्यता दिली. पण प्रदेश आक्रसत गेला आणि जानेवारी १९७० मध्ये शरणागती झाली. कागद नीट असणे पुरेसे नसते, सैन्याने जमीन राखावी लागते किंवा मिळवावी लागते. बांगलादेशाला ती भारतीय सैन्याच्या साहाय्याने मिळाली, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच १६ डिसेंबरच्या शरणागतीच्या कागदावर जगजितसिंग अरोरा यांचा उल्लेख भारतीय आणि बांगलादेशी सैन्यांचे पूर्व आघाडीवरील प्रमुख असा आहे.

मान्यतेविना चाललेल्या कारभाराचे एक उदाहरण आपल्या दाराशीही आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोवामुक्तीसाठी झटणाऱ्या गटांनी आणि महाराष्ट्रातून गेलेल्या स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवली. त्यानंतर सात वर्षे तेथील कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती, आणि भारताने तो प्रदेश औपचारिकपणे आपला म्हटला नव्हता, कारण पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला होता. १९६० मध्ये निकाल लागल्यावर विलीनीकरणाच्या करारावर सही करायला दुसऱ्या बाजूला कोणीतरी शासनप्रमुख हवा होता, तेव्हा के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला त्या प्रदेशाचा पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी जवाहरलाल नेहरूंसमवेत ११ ऑगस्ट १९६१ च्या करारावर सही केली. अधिकाराची साखळी कागदावर जोडण्याची गरज किती बारकाईने पाळली जाते, याचा याहून गमतीदार दाखला शोधून सापडणार नाही.

मुजीबनगर सरकार २२ डिसेंबरला ढाक्यात परतले. मुजीब १० जानेवारी १९७२ ला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने, जाहीरनाम्याने दिलेले अधिकार वापरून, हंगामी संविधान आदेश काढला. त्याने संसदीय पद्धत आणली. १२ जानेवारीला अबू सईद चौधरी राष्ट्राध्यक्ष झाले आणि मुजीब पंतप्रधान. सारी सत्ता असलेल्या पदाने त्या सत्तेचा उपयोग प्रथम स्वतःला कमी करण्यासाठी केला. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीतून आलेल्या राष्ट्रीय आणि प्रांतिक अशा दोन्ही सभांच्या सदस्यांची संविधान सभा बनली, ती जाहीरनाम्याच्या पहिल्या वर्षदिनी, १० एप्रिल १९७२ ला, प्रथम भरली; कमाल हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केला, ४ नोव्हेंबरला घटना संमत झाली आणि १६ डिसेंबर १९७२ पासून लागू झाली. पाकिस्तानची मान्यता २२ फेब्रुवारी १९७४ ला आणि, आधी चीनच्या नकाराधिकाराने अडलेले, संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व १७ सप्टेंबर १९७४ ला मिळाले.

कायदे चालू ठेवण्याच्या त्या आदेशाची मी वर बाजू घेतली, म्हणून त्याची किंमतही सांगितली पाहिजे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात पाकिस्तानने शत्रू मालमत्तेचे नियम केले होते, ज्यांच्या आधारे भारतात गेलेल्या, आणि पुष्कळदा न गेलेल्याही हिंदूंच्या जमिनी सरकारच्या ताब्यात घेता येत. १९६९ च्या वटहुकुमाने ते पुढे चालू होते, म्हणजे २५ मार्च १९७१ ला लागू होते. निधर्मी राज्याची ग्वाही देणाऱ्या नव्या प्रजासत्ताकात ते बाकीच्या कायद्यांबरोबर आपोआप आले, १९७२ आणि १९७४ च्या आदेश व कायद्यांनी नाव बदलून निहित मालमत्ता या शीर्षकाखाली टिकले, आणि त्या जमिनी परत करण्याचा कायदा व्हायला २००१ साल उजाडले. नव्या राज्याच्या पहिल्या आठवड्यात मसुदा लिहिणाऱ्याने जुने कायदे सरसकट चालू ठेवावेत, पण त्याच महिन्यात दोन-तीन वकील बसवून कोणते कायदे नव्या जाहीरनाम्याशी उघडपणे विसंगत आहेत, त्यांची नावानिशी यादी करून घ्यावी आणि ते त्याच आदेशाच्या परिशिष्टात रद्द करावेत. ‘जाहीरनाम्याच्या अधीन राहून’ एवढ्या शब्दांवर ते काम सोडले, तर तहसील कचेरीतला लिपिक जुनाच कायदा लागू करत राहतो.